शपथेपासून पगार

पोटनिवडणूक जिंकून महिना उलटला तरी ताई शपथ घ्यायला जात नव्हती. सभागृहाच्या कार्यालयातल्या हिशेबनिसाने फोन करून बजावलंसुद्धा, "बाई, निकाल लागला तेव्हापासून तुम्ही आमदार, कबूल. पण पगार शपथेपासूनच. मागचं काही मिळत नसतं."

"राहू द्या मागचं," ती म्हणायची.

राहू द्या म्हणायला घरात होतं काय? निवडणुकीसाठी शाळेतली नोकरी सोडलेली. आणि बाबांची आमदारकीची जागा रिकामी झाली कशी? बाबांना माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा पक्षाचे मोठे साहेब फळं घेऊन आले, गोड गोड बोलले आणि राजीनाम्यावर सही घेऊन गेले. वर "लेकीलाच उभी करू" म्हणून उपकार चढवला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी अवलाद ही. इथे तर माणूस जिवंत होता.

बाबा अजून रोज सकाळी कोट चढवून व्हरांड्यात बसत, गाडी का आली नाही विचारत. पोटच्या मुलालाही ते "आपण कोण?" म्हणत. ताईला तेवढं ओळखत. आपल्या जागेवर तीच बसलेली दिसली तर त्यांचं काय होईल, या धास्तीने ती दिवस ढकलत होती.

शेवटी भाऊ करवादला. "बाबांना सांभाळणारी बाई सोडून गेली. फुकट कोण राबेल? त्यांची औषधं काय तुझ्या मायेवर आणू?"

तिने कार्यालयाला फोन केला, उद्या येते म्हणून.

दुसऱ्या दिवशी भाऊ कामावर गेला. बाबांना एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून ती त्यांना घेऊनच अध्यक्षांच्या दालनात गेली. मोठे साहेब चहा घेत बसले होते.

"या, या! ओळखलंत का आम्हाला?" बाबांकडे बघून ते मोठ्याने हसले. चारजण त्यांच्या मागे हसले.

"सही घेताना नव्हतं विचारलंत, ओळखलंत का म्हणून," ताई म्हणाली.

हसू जागच्या जागी विरलं.

शपथ वाचताना तिचं अर्धं लक्ष बाबांकडे होतं. आता बाबा ओरडतील, ही जागा माझी म्हणतील. पण ते कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसून ऐकत राहिले. तिने सही केली. हिशेबनीस म्हणाला, "झालं, बाई. आजपासून पगार सुरू."

बाबा उठले. कोटाचं बटण लावून सरळ तिच्यासमोर आले आणि त्यांनी हात जोडले.

"अभिनंदन, बाई. नवीन दिसता. कुणाच्या जागी आलात?"

"बाबा, अहो मी..."

"वारले का ते?" त्यांनी आवाज खाली आणला.

ती त्यांच्या डोळ्यांत बघत राहिली. तिथे ती कुठेच नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "फार आजारी असतात."

"अरेरे. मागे कोण आहे?"

"मुलगा आहे. एक मुलगी आहे."

"मुलीला सांगा, घाबरू नकोस म्हणावं. मी येऊन भेटतो."

"सांगते."

जिना उतरताना तिने त्यांचा हात धरला. परक्या बाईने धरावा तसे ते संकोचले आणि त्यांनी तो हलकेच सोडवून घेतला.