एका खेपेतले

त्यानं डोळ्यांवरचं भिंग खाली ओढलं, दातांचं मेण कोरायचं टोकदार हत्यार जुन्या संगणकाच्या बोर्डावरच्या एका तांब्याच्या रेघेवर टेकवलं आणि रेघ जाईल तसं ते हळूहळू पुढे सरकवलं. रेघ चिपच्या पायापासून निघाली, दोन वळणं घेऊन एका बारीक भोकाशी थांबली. मग मान वर करून त्यानं संगणकाच्या पडद्यावर स्वतः काढलेला नकाशा पाहिला. तिथे चिपचा पाय होता, भोक होतं, मधली रेघ मात्र नव्हती.

गेले कित्येक रविवार डोळ्यांत तेल घालून तो ताडून पाहत होता ते यासाठीच. बोर्ड कारखान्यात गेला की रेघ वाढवता येत नाही. चूक सापडली म्हणून एरवी त्याला हायसं वाटलं असतं. आज तो माउसवर हात ठेवून तसाच बसला. समोरच्या फळीवर कुणाचा तरी प्लास्टरचा जबडा वाळत पडला होता.

तो दात बनवायचा. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर ज्याच्याकडे रुग्णाच्या तोंडाचे ठसे पाठवतात आणि कवळ्या तयार करून घेतात, तो. हयात या कामात गेली, पण त्यानं बनवलेले दात घालून हसणारं माणूस काही त्याच्यासमोर कधी आलं नाही. ठसा डब्यातून यायचा, कवळी डब्यातून जायची. आधी घरात वडील होते, त्यांचं करता करता लग्नाचं राहून गेलं. मग वडीलही गेले. बहीण दूर होती, रविवारी फोन करायची आणि जेवलास का, झोपतोस का असं सगळं विचारून झालं की शेवटी एकच विचारायची, आठवडाभरात बोललास कुणाशी? तो म्हणायचा, हो, बोललो की. ती म्हणायची, कुणाशी? मग तो विषय बदलायचा.

छंद तेवढा होता. टीव्हीला जोडायचे जुने घरगुती संगणक, ज्यांच्या कंपन्या कधीच बुडाल्या, ते पुन्हा जसेच्या तसे उभे करायचे. जुन्या चिपा कुठून कुठून मिळतात, पण ज्यावर त्या बसवायच्या तो कोरा बोर्ड कुठे मिळत नाही. तो नव्यानं करून घ्यावा लागतो. आणि कारखानदार पाचांच्या खाली हात लावत नाही. म्हणून या वेड्यांच्या ग्रुपवर एक रीत पडून गेली होती: ज्यानं नकाशा काढला त्यानं एक बोर्ड ठेवायचा, उरलेले ज्याला हवे त्याला द्यायचे. एका खेपेतले बोर्ड घेणारे ते खेपभाऊ. एकाच्या बोर्डात चूक असली तर ती पाचांतही असणार, त्यामुळे जोडणी होईपर्यंत सगळे एकमेकांना धरून असत. आणखी एक रीत होती. चूक सापडली तर ग्रुपवर बोंब मारायची नाही. ज्यानं नकाशा काढला त्याला फोन करून सांगायचं, मग त्यानंच सगळ्यांना कळवायचं. उगाच चारचौघांत कुणाची अब्रू कशाला काढा.

मागच्या खेपेचा त्याचा नकाशा बिनचूक होता. बोर्ड गेले, जोडले गेले, आणि "मस्त, पहिल्या फटक्यात चालू" असे दोन मेसेज आले. त्यांवर अंगठ्याच्या खुणा टाकून सगळे आपापल्या कामाला लागले. फोन वाजला नाही तो नाहीच. त्याच्या आधीच्या खेपेत मात्र दोन रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या आणि महिनाभर फोनची नुसती लयलूट होती. निवृत्त गणितमास्तर तर रोज संध्याकाळी फोन करायचे. आधी चिपांचं, मग गुडघ्यांचं, मग परदेशातल्या सुनेचं. त्या महिन्यात तो कामावर गुणगुणत असे.

त्यानं नकाशावर ती राहिलेली रेघ काढली. पाहिली. पुसली. मग पुन्हा काही विचार मनात यायच्या आत फाइल कारखान्याला पाठवून दिली आणि उठून, गरज नसताना, ओटा पुसून काढला. आता हे काही शहाण्या माणसाचं काम नव्हे. पण एक साधी तार लावून निस्तरेल एवढीच तर चूक होती, कुणाचं काय बिघडणार होतं.

बोर्ड आले. हिरवेगार, कडा अजून हाताला खरखरीत लागणाऱ्या. एक त्यानं ठेवला, एक मास्तरांना धाडला, एक पायलटला. पायलट म्हणजे रुग्णवाहिका चालवणारा गडी, विमानात कधी बसलेला नाही. एक ग्रुपवर नव्यानंच आलेल्या ग्रंथपाल बाईंनी मागितला. पाचवा कुणाला नको होता, तो कपाटात गेला.

पहिला फोन मास्तरांचा.

"दातवाले, पडदा काळाठिक्कर आहे हो. कुठे घोडं पेंड खातंय कळत नाही."

"घाई नको, मास्तर. पहिल्या चिपपासून बघू."

एका वाक्यात सांगता आलं असतं. त्याऐवजी त्यानं मास्तरांना मीटर लावून चिपेमागून चिप मोजायला लावलं. मास्तर आकडा वाचायचे, तो "बरोबर" म्हणायचा, आणि दोन आकड्यांच्या मध्ये मास्तरांच्या बायकोचा खोकला, शेजाऱ्यांचा कुत्रा, मुलाचा न आलेला फोन असं सगळं येऊन जायचं. पायलटचेही फोन सुरू झाले. तो गाडीत बसून, रुग्णालयाच्या दारात पुढच्या फेरीची वाट पाहत बोलायचा आणि असा काही हसवायचा, की याच्या हातातलं मेण वितळून जायचं. रविवारी बहिणीनं विचारलं तेव्हा यानं दोन नावं सांगितली. ती एवढी खूश झाली, की याला थोडी लाजच वाटली.

बाईंचा मात्र फोन आला नाही. बोर्ड मिळाल्याचा मेसेज तेवढा आला होता, शेवटी "आभारी आहे" असं पूर्णविरामासकट लिहिलेलं. पुस्तकं नीट लावून ठेवणारं माणूस सावकाशच करणार, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

रेघ पायलटला सापडली. भर दुपारी त्याचा फोन आला.

"दातवाले, तुमचा एक दात पडलाय," असं म्हणून तो खदखदून हसला. मग म्हणाला, होतं असं, मी तार लावली, मशीन चालू झालं. कुणाला बोललो नाही, तुम्हीच सांगा सगळ्यांना.

यानं चुकलंच म्हणून कबूल केलं. संध्याकाळी कळवतो म्हणाला. संध्याकाळ झाली, मेसेज लिहायला घेतला आणि तेवढ्यात मास्तरांचा फोन आला. मास्तर रंगात होते. उद्या सगळ्या चिपा उपटून नव्यानं बसवतो म्हणाले, नातवंडांपेक्षा या मशीनचेच लाड जास्त चाललेत म्हणाले. हा हसला. आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. मेसेज तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन सकाळीच आला आणि आवाज ओळखू येईना. चित्र उमटवणारी चिप उपटताना तिचा पाय मोडला होता. मुळाशी, कथलाचा डाग द्यायलाही जागा उरली नव्हती. ही चिप आता कुठेच बनत नाही. मास्तरांनी ती त्यांच्या पहिल्या संगणकातून काढून जपून ठेवली होती, मुलगा लहान असताना दोघं मिळून ज्यावर खेळायचे त्यातून.

"माझाच हात थरथरतो आजकाल," मास्तर म्हणाले. "तुम्ही घाई नको म्हणत होता. ऐकायला हवं होतं."

कालचा एक मेसेज त्यानं पाठवला असता तर त्या चिपेला कुणी बोटही लावलं नसतं. कुठे तार लावायची ते त्यानं तिथल्या तिथे सांगून टाकलं. आत्ताच सापडलं, असं म्हणाला. मग त्यानं स्वतःचा जुना, अस्सल संगणक उघडला, ज्याच्यावरून नकाशा काढला होता तो, आणि त्यातली तीच चिप बाहेर काढून, कवळ्या पाठवायच्या डबीत कापसावर ठेवून मास्तरांना पाठवली. ती पोचल्यावर मास्तरांचा फोन आला. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही, एवढं म्हणाले. ते ऐकण्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मशीन चालू झाल्यावर मास्तरांचे फोन थांबले. पायलटचे आधीच थांबले होते. म्हणजे एवढं करून हाती काय लागलं, तर एक रिकामा संगणक आणि आतून कुरतडणारी एक गोष्ट.

बाई तेवढ्या राहिल्या होत्या. त्यांनीही चिपा उपटायला घेतल्या असतील तर? तार कुठे लावायची ते मेसेजमध्ये दोन ओळींत लिहिता आलं असतं. त्यानं त्या लिहिल्याही आणि खोडून टाकल्या. दोन ओळींत खोटं फार सहज बसत होतं. ग्रंथालयाला सुट्टी असते त्या दिवशी, जेवणवेळ टळल्यावर, त्यानं हात धुतले, बोटांवरचं प्लास्टर खरवडून काढलं आणि फोन लावला. त्यांचा आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता. हळू होता, शांतता राखायची सवय असलेल्या माणसाचा असतो तसा.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "बोर्डात एक रेघ राहिली आहे."

"हो का," त्या म्हणाल्या.

"राहिली नाही. मला दिसली होती. मी ठेवली."

मग स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हळू तो पुढे बोलला, बोर्ड नीट चालला की कुणी फोन करत नाही म्हणून. मास्तरांच्या चिपेचंही सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर त्याला थकवा आला. आता त्या ग्रुपवर लिहितील, लिहायलाच हवं, आणि पुन्हा कुणी त्याच्या खेपेतला बोर्ड घेणार नाही. घेऊही नये.

तेव्हा त्याला फोनमधून तो आवाज ऐकू आला. आधीपासून येत असावा, बोलण्याच्या नादात लक्ष गेलं नव्हतं. एक बारीक, एकसुरी शिट्टी, आणि तिच्यावर मधूनमधून टिक, टिक. ते मशीन पूर्ण जागं असेल तरच शिट्टी वाजवतं आणि कळ दाबली की टिक करतं. रेघ राहिलेल्या बोर्डातून असला आवाज येणं शक्यच नव्हतं. बाईंनी तार केव्हाच लावली होती. बोलता बोलता चाळा म्हणून त्यांची बोटं कळांवर फिरत होती, पुस्तकांच्या रांगेवरून फिरावीत तशी.

"मास्तरांना सांगितलंत का हे?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही."

"सांगा त्यांना."

"सांगतो. आजच सांगतो."

"मला रेघेचं पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला फोन करून सांगायची रीत आहे म्हणे. रोज करीन म्हणत होते. एकदा सांगून टाकलं की मग पुढे फोन करायला काही निमित्त उरत नाही, म्हणून राहिला."

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि माझा पडदा अजून काळाच आहे," बाई म्हणाल्या. टिक टिक थांबली होती, शिट्टी चालूच होती. "काही केल्या कळत नाही. तुम्हाला वेळ असला तर पहिल्यापासून बघू या का?"

त्यानं पायानं स्टूल ओढलं आणि बसला. समोरचे जबडे बाजूला सारले, कोपर टेकायला जागा केली.

"वेळ आहे," तो म्हणाला. "आधी वीज बंद करा. मग डावीकडच्या पहिल्या चिपपासून."

पलीकडे बटणाचा खट आवाज झाला आणि शिट्टी बंद पडली.

"केली," बाई म्हणाल्या. "हं, सांगा."