पिल्लामार्फत

आमच्याकडे जावयाने सासूच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या चुलीपाशी बसायचं नाही. मोठी माणसं जमून जावयाला घरात घेण्याचा विधी करतात, तोवर हे असंच. विधी कधी करायचा ते सासू ठरवते, आणि माझी आई, मायो, दर वेळी म्हणायची, "बघू." त्या 'बघू'वर माझा संसार लोंबकळत होता.

माझा नवरा कबासो अंगणाच्या टोकाला झोपडी बांधून राहिला. मायोचं शेत खणलं, छप्पर शाकारलं, आणि जेवायचा मात्र एकटा. दोघांचे निरोप पोचवून माझी जीभ झिजली. अलीकडे तो म्हणायला लागला होता, "नाचणी काढली की मी म्पिका शहरात काकांकडे जातो. येणार असशील तर चल." मला दोघंही हवी होती.

तशात मायोच्या कोंबडीची पिल्लं निघाली. मायोने कौतुकाने घरट्यात खताची कोरी प्लास्टिकची पिशवी अंथरली होती. शेवटचं पिल्लू त्या गुळगुळीत पिशवीवर फतकल मारूनच बसलं, पाय दोन बाजूंना पसरलेले. उठायला जाई आणि घसरे.

"रश्शातसुद्धा घालायच्या लायकीचं नाही," म्हणून मायोने तोंड फिरवलं. वाईट वाटलं की ती असंच बोलते.

कबासोने ते हळूच उचललं. काकांच्या पोल्ट्रीत त्याने हे पाहिलेलं होतं. सुती चिंधीची पट्टी फाडून त्याने दोन्ही पाय जवळ आणून बांधले आणि नखं रुतावीत म्हणून टोपलीत गोणपाट घातलं. पिल्लू उठलं ते थेट तोंडावर आपटलं.

मायो दारातून बघत होती. "अगं बाई पिल्ला," ती टोपलीकडे बघत म्हणाली, "तू काय चोरी केलीस, एवढं जखडलंय ते? बांधणाऱ्याला सांग, मध्ये जरा जागा सोड म्हणावं."

मी निरोप द्यायला तोंड उघडलं, तोवर कबासो मान खाली घालून पिल्लालाच म्हणाला, "पिल्लोबा, त्यांना सांग, सोडतो. आणि ती पिशवी काढा म्हणावं, नाहीतर बाकीचीही घसरतील."

"बघा, पिल्लाला केवढी अक्कल!" मायो म्हणाली. पिशवी मात्र तिने लगेच काढली.

मग रोज हेच. कबासो पिल्लाला धरून पाणी पाजायचा, गाठ सैल करून पाय बघायचा. मायो नाचणी भरडून आणायची आणि टोपलीपाशी रेंगाळायची.

"पिल्ला, विचार त्याला, भोपळ्याचा पाला आवडतो का."

"पिल्लोबा, शेंगदाण्याचं कूट घातलेला असेल तर भांडं पुसून खातो म्हणावं."

"हावरटच आहे म्हणायचा!"

माझं काम पिल्लाने पळवलं, आणि मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

एका सकाळी कबासोने पट्टी सोडली. पिल्लू उभं राहिलं, चाललं, आणि आईमागे तुरुतुरु पळालं. मागे वळूनही पाहिलं नाही गुलामाने! मला आनंद व्हायला हवा होता. पण अंगणात पुन्हा सगळं गप्प झालं. कापणी तोंडावर आली होती; दुपारभर कबासो नाचणी कापायची सुरी घासत बसला.

संध्याकाळी मी चुलीवर नाचणीच्या पिठाची घट्ट उब्वाली ढवळत होते. कबासो आपलं ताट न्यायला दाराबाहेर येऊन उभा राहिला. मायो उठली आणि टोपलीवर वाकली.

"पिल्ला, त्याला सांग, आज ताट तिकडे न्यायचं नाही. इथे, चुलीपाशी बसायचं."

कबासो गोंधळला आणि बोलून गेला, "मायो, टोपली रिकामी आहे."

माझ्या हातातला पळा थांबला. सासूला थेट बोलला होता तो.

मायोने मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "तुम्हालाच सांगतेय."