चुकीच्या टोपीतला लाम

थोआवहिनी दुपारी जरा पडल्या आणि स्वप्नातून उठल्या त्या थेट माझ्या दारात, पायात एकच चप्पल.

"भावजी, ह्यांच्याशी तिकडे कुणी बोलत नाही!"

ह्यांच्याशी म्हणजे त्यांच्या नवऱ्याशी, लामशी. लाम चोपन्न साली दिएन बिएन फूच्या लढाईत टेकडीवर मारला गेला, माझ्यापासून दोन हातांवर. त्याला चाळीस वर्षं झाली. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला वहिनी त्याच्यासाठी कागदी गणवेश जाळतात; इथं जाळलेलं मेलेल्याला तिकडे पोचतं. हानोयच्या दुकानात तो तयार मिळतो, वर ताठ टोपी, लाल पट्टी, सोनेरी कड.

"अहो, ती साहेबाची टोपी!" वहिनी ओरडल्या. "आठ वर्षं मी ह्यांना साहेब करून पाठवतेय. पलटणीतली पोरं उठून सलाम ठोकतात आणि लांब जाऊन बसतात. तंबाखूची चिमूटसुद्धा कुणी देत नाही!"

मला असा राग आला की विचारू नका. लामची टोपी बांबूच्या बारीक पट्ट्यांची होती. वर खाकी कापड, त्यावर पानं खोचायला जाळी. त्या टोपीनं आम्ही मासे धरले, तिच्यात तांदूळ धुतले, आणि एकदा तर मी तिच्यात तोफगोळा झेलला. बरं, अर्धा.

आम्ही हांग मा रस्त्यावर तुओंगच्या कागदी सामानाच्या दुकानात गेलो. तो कागदी मोटारसायकलीला चाक चिकटवत होता.

"आजी, जळणारच आहे ना? कुठलीही न्या."

"तुझ्या बापाच्या श्राद्धाला भाताऐवजी वाळू वाढतोस का रे? मेलाच आहे ना तो?"

तुओंगनं चाक बाजूला ठेवलं. मी माप सांगितलं. चार दिवसांनी गेलो, तर त्यानं कागदावर ब्रशनं विणीच्या रेघा मारून ठेवल्या होत्या.

"लांबून अगदी खरी दिसते, काका."

"लांबून तूही माणूस दिसतोस," मी म्हणालो.

वहिनींनी ती टोपी तिथंच पायाखाली घेतली. रस्त्यावर गर्दी जमली. पुढच्या खेपेला वीण खरी होती, कापड खरं होतं. मग वहिनींनी जाळी चाचपली. फळांच्या पिशवीची, प्लास्टिकची.

"हे जळत नाही, मेल्या, वितळतं! माझा नवरा डोक्यावर डांबर थापून फिरणार?"

"आजी, चाळीस वर्षांपूर्वीची टोपी! कोण तपासायला बसलंय तिकडे?"

"ह्यांची पलटण! ती ओळखेल तरच आत घेईल ना!" हे म्हणताना वहिनींचा आवाज पहिल्यांदाच रडवेला झाला. मग त्यांना त्याचाही राग आला. त्यांनी तुओंगच्या हातातलं दोऱ्याचं रीळ हिसकावलं, दुकानाच्या उंबऱ्यावर बसल्या आणि जाळी स्वतः विणली. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत जात होती. जागा सोडा म्हणायची तुओंगची छाती झाली नाही.

पौर्णिमेला सकाळी टोपी जाळली. ज्योत सरळ वर गेली, आमच्या नारळापेक्षा उंच. शेजारी याला साक्ष देणार नाहीत, ते जळतात आमच्यावर. दुपारी वहिनी आडव्या झाल्या. मी जेवून हात धुतोय तोच दार धडाधडा वाजलं.

"घेतलं का त्याला आत?" मी विचारलं.

"घेतलं! मिठ्या मारल्या, तंबाखू दिली, पत्ते वाटले. आणि आता पलटणीतले सव्वीस जण माझ्या अंगणात बोडके उभे आहेत! म्हणे, वहिनी, आम्हालाही. यांच्या बायका काय करतात? सरकार दर वर्षी चौकटीतला मानाचा कागद पाठवतं, त्याला टोपी शिवता येत नाही? सगळं माझ्याच डोक्यावर?"

बोलता बोलता त्यांनी खांद्यावरची बांबूची मोळी माझ्या ओट्यावर आदळली आणि कोयता माझ्या हातात कोंबला.

"तासा. सत्तावीस."

"सव्वीस ना, वहिनी?"

"एक तुमची. तुम्ही गेल्यावर मी त्या तुओंगचं तोंड पुन्हा बघणार नाही."