उंबरखेडकरांचं पान

गौरीच्या जेवणाला सगळे भाऊबंद पंगतीत बसलेले असताना शामसुंदर गुरुजींनी सुनेवर आळ घेतला, आणि तोही आवाज न उतरवता. पंचवटीतल्या त्या घरात गुरुजींना सगळे आप्पा म्हणत. आप्पा ताटावरून हात आखडून म्हणाले, "चार महिन्यांत तीस घराणी गेली. पणजोबांपासूनचे यजमान. नामावळ कापडात बांधलेली होती तोवर एक हललं नव्हतं. हिनं ती कॉम्प्युटरवर चढवली आणि घराला भोक पडलं. पडलं की पाडलं, ते तिलाच ठाऊक."

यशश्री तेव्हा कटाची आमटी वाढत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. विहंगनं ताटातल्या मिठाकडे पाहिलं. मदतीला धावला तो चुलत दीर मयुरेश, रामकुंडावर वेगळी छत्री लावून बसणारा. "जाऊ द्या हो काका, वहिनी चुकून बोलून गेली असेल कुठं तरी," असं तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की उरलेल्यांचीही खात्री पटली.

नामावळ म्हणजे तीर्थोपाध्यायाचं सर्वस्व. रामकुंडावर आलेला यजमान आपलं गाव, बापाचं, आजाचं नाव सांगतो, गुरुजी वही उघडून त्याच्या खापरपणजोबाची सही दाखवतात, आणि तो माणूस गहिवरून त्यांचा होतो. गेल्या वर्षी यशश्रीनंच सहा महिने खपून त्या वह्या कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या, यजमानांचे फोन आणि श्राद्धाच्या तिथ्या जोडून. अंबडच्या कंपनीत दीडशे कॉम्प्युटर सांभाळणारी बाई ती. तिच्यावरच कॉम्प्युटरमधून घर फोडल्याचा आळ! तिच्या डोक्यात जी तिडीक गेली ती दोन दिवस उतरली नाही. ती रडली नाही. तिला माणूस हवा होता, नावासकट.

"एकदाच तपासू द्या," ती आप्पांना म्हणाली. "शेजारी बसा. माझा हात कुठं जातो ते बघा."

आप्पा खरोखरच जपमाळ घेऊन शेजारी बसले. संशयी माणूस असा हक्कानं बसतो की त्याला खुर्चीसुद्धा आपणच द्यावी लागते.

तिनं आधी क्विक स्कॅन लावला. तो व्हायरसच्या नेहमीच्या बसायच्या जागा तेवढ्या चाळतो. पाच मिनिटांत उत्तर आलं, काही नाही. मग फुल स्कॅन. तो एकूण एक फाईल उघडून बघतो, त्याला दुपार लागली. काही नाही. मग कॉम्प्युटर बंद करून, तो पुरता जागा व्हायच्या आत चालणारा स्कॅन लावला, कारण काही व्हायरस कॉम्प्युटर चालू झाला की दडून बसतात. तिथंही सगळं स्वच्छ.

"झालं समाधान?" आप्पा म्हणाले. "तुझं यंत्रच सांगतंय, बाहेरचं कुणी नाही. मग राहिलं कोण?"

यशश्रीनं दात ओठ खाल्ले, पण आवाज जागेवर ठेवला. "आप्पा, या अँटीव्हायरसकडेही एक नामावळच असते. आजवर सापडलेल्या चोरांच्या खुणांची. फाईल समोर आली की तो वहीतली खूण जुळवतो. जुळली तर पकडतो. तुमच्या वहीत ज्याची नोंद नाही, त्याला तुम्ही ओळखाल?"

आप्पांची माळ थांबली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कॉम्प्युटरमधलं काही समजलं होतं. "नाही ओळखणार," ते म्हणाले. "पण तो बसतो कसा, विचारतो काय, यावरून अंदाज येतो."

"तेच करायचं राहिलंय. नाव नाही, वागणूक बघायची."

कॉम्प्युटर मंद होतो म्हणून अँटीव्हायरसमधली वागणुकीवर नजर ठेवणारी सोय कुणी तरी बंद करून ठेवली होती. तिनं ती चालू केली. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर लाल चौकट आली. प्रिंटरच्या नावाचा एक प्रोग्रॅम नामावळीची फाईल उघडत होता आणि तिची नक्कल इंटरनेटवरून बाहेर धाडत होता. कुणाच्या ओळखीचा नसलेला, खास बनवून घेतलेला प्रोग्रॅम. प्रिंटरला छापायला दिलेला कागद पुरतो, यजमानांच्या तिथ्या वाचायचं त्याला काय काम?

"प्रिंटर कुणी जोडला होता, आप्पा?"

आप्पा म्हणाले, "अक्षय्य तृतीयेला. मयुरेशनं." आणि लगेच, "पण एवढ्यावरून घरातल्या पोराचं नाव घेऊ नकोस. पुरावा काय?"

सुनेचं नाव घ्यायला मात्र कुठलाच पुरावा लागला नव्हता! हे ती बोलली नाही, पण विसरलीही नाही. फाईल जात होती त्या पत्त्यावर नुसते आकडे होते, माणसाचं नाव नव्हतं. चौकटीत प्रश्न आला होता, हा प्रोग्रॅम काढून टाकायचा का? तिनं "नाही" दाबलं. साफसफाई करून ती मोकळी झाली असती आणि मयुरेशही मोकळाच राहिला असता.

मंगळवारी तिनं रोजच्या कामाची खरी नामावळ पेन ड्राइव्हवर काढून घेतली आणि कॉम्प्युटरवर आधीच चोरीला गेलेली जुनी तेवढी ठेवली. तिच्यात एकच घराणं वाढवलं. मनोज उंबरखेडकर, मेहकरकडचे, कापसाचे मोठे व्यापारी, आजोबा रावजी, पितृपक्षात आजोबांचं श्राद्ध करायचंय. पुढं नव्या सिमकार्डाचा नंबर. असला माणूस पृथ्वीवर नव्हता. ही गोष्ट तिनं फक्त आप्पांना सांगितली, आणि फाईल त्यांच्यासमोरच बंद केली.

गुरुवारी सकाळी मेसेज आला. "नमस्कार मनोजजी, आपल्या घराण्याचे परंपरागत उपाध्याय आम्हीच. मयुरेश गुरुजी." तिनं तो आप्पांच्या डोळ्यांपुढं धरला. आप्पांनी तो दोनदा वाचला. "पुरे झालं," ते म्हणाले, "त्याला बोलावून कान उपटतो."

"नाही," यशश्री म्हणाली. मनोज उंबरखेडकर होऊन तिनं उत्तर लिहिलं, "आजोबांची सही असलेलं पान बघायला मिळालं तरच येऊ. नुसत्या बोलण्यावर आमचा विश्वास नाही."

एवढं लिहिलं, आणि त्या आनंदानं तिला धड जेवणही गेलं नाही. तो काय करणार हे तिला नेमकं ठाऊक होतं.

पितृपक्षाच्या तिसऱ्या दिवशी रामकुंडावर पाय ठेवायला जागा नव्हती. मयुरेश आपल्या छत्रीखाली वही उघडून बसला होता, आजूबाजूला बाकीचे गुरुजी, त्यांचे यजमान. समोर यशश्री आणि आप्पा येऊन उभे राहिले.

"काका? वहिनी? आत्ता जरा मोठे यजमान यायचेत, मेहकरचे."

"त्यांचंच पान बघायचंय," यशश्री म्हणाली. "ते आमचे यजमान आहेत असं आप्पांना वाटतंय."

मयुरेश शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा हसला. "घ्या की. शके अठराशे ऐंशी. रावजी उंबरखेडकर, स्वहस्ताक्षर. लहानपणापासून बघतोय मी हे पान. गोदामाईची शपथ."

पान पिवळं होतं, वहीतच कोरं राहिलेलं. शाई फिकट केलेली, अक्षर म्हाताऱ्या माणसासारखं थरथरतं. मेहनत घेतली होती पोरानं.

"ह्या रावजींना," यशश्री आवाज चढवून म्हणाली, "मी मागच्या मंगळवारी जन्माला घातलं. आप्पांच्या समोर."

तिनं फोन उघडून मेसेज वाचायला सुरुवात केली. पहिल्या मेसेजला शेजारच्या छत्रीतले गुरुजी उठले. तिसऱ्याला दहा जण गोळा झाले. त्यातल्या एका वृद्धानं वही ओढून घेतली, दोन पानं पुढं, दोन मागं उलटली आणि विचारलं, "मयुरेश, मग यातलं खरं पान कुठलं?"

"एकच खोटं आहे हो! बाकी सगळी खरी आहेत! वहिनी, सांगा ना यांना!" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ज्या वहीवर तो जगत होता तिच्यावर आता कुणी यजमान हात ठेवणार नव्हता.

"एक फाईल खराब सापडली, भावजी," यशश्री म्हणाली, "की फुल स्कॅन करावा लागतो. बसा करत."

आप्पांनी तिचा हात धरला. वाटणीत मयुरेशच्या बापाकडे गेलेली ती वही होती. "सूनबाई, यात माझ्या आजोबांचं अक्षर आहे. तुला माहीत होतं?"

"होतं," ती म्हणाली. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

आप्पांचे ओठ हलले. "चुकलो मी," ते पुटपुटले.

"मोठ्यानं, आप्पा. पंगतीत बोललात तेवढ्या मोठ्यानं."

पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात कुणापुढं न वाकलेला तो माणूस भर घाटावर म्हणाला, "माझ्या सुनेवर मी खोटा आळ घेतला. ती निर्दोष आहे."

यशश्रीनं ते पूर्ण ऐकून घेतलं. मग गर्दीच्या मागं तोंड लपवून उभ्या असलेल्या विहंगकडे पाहत म्हणाली, "मागं ऐकू गेलं नाही, आप्पा. परत म्हणा."