अर्धी गोळी

चांगू आणि आवडीच्या संसारात अख्खी वस्तू कुणा एकाची कधी झालीच नाही. चहा एक कप, बशा दोन. पेरू झाडावरून उतरला की आधी विळी, मग तोंड. कुणाच्या बारशाला चांगूच्या हातावर पेढा ठेवला, तर हा बाबा तो सदऱ्याच्या खिशात घालून घरी आणणार आणि खिशाचा पार चिकटा करून ठेवणार. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी हेच. पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी. तिथे अजून म्हणतात, चांगूला ठेच लागली की आवडी ओय करते. म्हणणाऱ्यांचं काय जातं! त्यांच्या स्वतःच्या घरी बघावं तर पेढ्यावरून भांडणं.

तर झालं काय, पौषात आवडीला सर्दी झाली. साधी, नाक गळणारी. वाडीत निम्म्या लोकांना होती. आठ दिवसांत गेली. आणि मग पंधरवडाभराने तिच्या गळ्याची डावी बाजू दुखायला लागली. दुखणंही कसलं, तर गळ्यातून निघायचं, जबड्यावर चढायचं आणि कानात जाऊन बसायचं. पेजेचा घोट घेतानासुद्धा आवडी मान वाकडी करायची. संध्याकाळी अंग कोमट.

"दाढ किडली असंल," चांगू म्हणाला.

दाढ हलत होतीच. पोलादपुरात जाऊन ती काढली. झालं! जखम मांडीला नि मलम शेंडीला. दाढ गेली आणि दुखणं तसंच राहिलं. मग घसा सुजलाय म्हणून आठ दिवस घशाच्या गोळ्या झाल्या, दोन आठवडे दुखण्याच्या गोळ्या झाल्या. दुखण्याने काय केलं, तर डावीकडून उठून उजवीकडे गेलं.

हे बाजू बदलणं मात्र चांगूच्या उरात धडकी भरवून गेलं. तिथेच राहिलं असतं तर दुखणं म्हटलं असतं. हे तर आत कुणीतरी हिंडत असल्यासारखं. त्यात बाकीचं सगळं विचित्र. थंडीच्या दिवसांत आवडीला घाम फुटायचा. हात असे थरथरायचे की थापलेली नाचणीची भाकर तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे. बांगड्या मनगटावरून घसरून कोपराला जायला लागल्या. आणि रात्री ती चांगूचा हात आपल्या छातीवर ठेवून म्हणायची, "बघा, कसं धावतंय ते. मी तर पडून हाय."

वालाच्या शेंगा शेतात वाळून तडकायला आल्या होत्या. दरसाल आवडी सगळ्यांच्या पुढे. ह्या साली ती बांधावर बसली आणि बसूनच राहिली. चांगूने शेंगांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला त्याच्या तुळजावयनी आठवल्या. त्याच्या थोरल्या भावाची बायको. चार वर्षांपूर्वी वयनींच्याही गळ्यालाच गाठ आली होती. पोरांनी मुंबईला नेलं. सहा महिन्यांनी परत आणलं ते पांढऱ्या गाडीतून, झाकून.

आवडीच्याही मनात तेच होतं. दोघं एकमेकांना काही बोलले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे दोन चोर आणि एकच चांदणं.

मुंबईहून राजेंद्रचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला. "आईला इकडे आणा. मोठ्या हॉस्पिटलला दाखवू."

"मी नाय जायची मुंबईला," आवडीने तिथल्या तिथे सांगितलं. "मरायचं तर हितं मरेन."

"मरायचं नाव काढलंस तर बघ गो!" चांगू ओरडला आणि बाहेर जाऊन उगाच गुरांना पाणी दाखवून आला. गुरं पाणी पिऊन बसली होती.

शेवटी मार्ग काढला सेजलने. सेजल म्हणजे त्यांच्या लेकीची लेक. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, राहायची महाडलाच. ती रविवारी आली, आजीचा गळा बघितला आणि म्हणाली, "मुंबई नको ना? बरं. पण महाडला तरी चल. माझ्या ओळखीच्या डॉक्टर आहेत, स्नेहलताई. बोलत नाहीत फार, पण बघतात नीट."

महाड म्हणजे काय, एसटीने तास-दीड तासाचं काम. आवडी कबूल झाली.

डॉक्टर स्नेहलनी खरंच नीट बघितलं. आवडीच्या पाठीमागे उभ्या राहिल्या, गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि म्हणाल्या, "आजी, आवंढा गिळा." आवडीने गिळला आणि "आयाया गो!" करून त्यांचा हात झटकलाच. डॉक्टर रागावल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा जरा उजळल्यासारखा झाला, आणि चांगूला ते मुळीच आवडलं नाही. माणूस कळवळतंय आणि ह्यांना आनंद होतोय!

"ह्याच्या आधी सर्दी-ताप झाला होता का?"

"झाला हुता की," चांगू म्हणाला. "पण ती गेली कधीच."

"आणि दुखणं एका बाजूकडून दुसरीकडे गेलं?"

 ही गोष्ट चांगूने कुणाला सांगितली नव्हती.

रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. दुसऱ्या दिवशी कागद हातात घेऊन डॉक्टर पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "हा कॅन्सर नाही."

चांगूला पुढची दोन-चार वाक्यं ऐकूच आली नाहीत. कानात नुसती शिट्टी. सेजलने त्याचा दंड धरला तेव्हा तो भानावर आला.

डॉक्टर सांगत होत्या, "गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. सर्दीनंतर कधी कधी तिला सूज येते. आजी, तुमच्याकडे भाताची कणगी आहे ना? ती फुटली तर काय होईल?"

"भात सांडंल."

"तसंच झालंय. ग्रंथीत साठवलेला रस एकदम रक्तात सांडतोय. म्हणून छाती धावते, घाम येतो, हात कापतात, वजन उतरतं. रस नवीन जास्त होत नाहीये, जुनाच सांडतोय. म्हणून तो बंद करायची गोळी देऊन उपयोग नाही. सूज उतरवायची, बस. पुढे थोडे दिवस कणगी रिकामी राहील, तेव्हा उलटं होईल. थंडी वाजेल, सुस्ती येईल. घाबरू नका. बहुतेकांची कणगी परत भरते. आपण दर दीड महिन्याने रक्त बघत राहू."

साध्या दुखण्याच्या गोळ्यांनी उतार पडला नव्हता, म्हणून त्यांनी सुजेची जोरातली गोळी दिली आणि छातीची धडधड कमी करायला दुसरी बारकी. जोरातली गोळी दोन आठवडे रोज एक, मग दोन आठवडे रोज अर्धी, मग दाखवायला या. एकदम बंद करायची नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं. एकवीस गोळ्या मोजून दिल्या.

पी हळद नि हो गोरी म्हणतात ते खोटं. पण ह्या गोळीने तसंच केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आवडी उठली, आवंढा गिळला, परत गिळला, आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "अवो! दुखत नाय!" चांगू दारातच मटकन बसला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसलेसुद्धा नाहीत. पुसायचे कशाला? कुणाची चोरी होती का?

दोन आठवडे असे गेले की विचारू नका. आवडी वालाच्या शेंगा काढायला गेली. भाकर परत गोल व्हायला लागली. मग पंधराव्या दिवशी अर्धी गोळी सुरू झाली. आवडीने विळीवर गोळी ठेवून दोन तुकडे केले, एक तोंडात टाकला आणि दुसरा तळहातावर घेऊन उभी राहिली.

"ही उरली," ती म्हणाली. "टाकून देऊ का काय?"

चांगूचे गुडघे चार वर्षं धरलेले. जिना नव्हता घराला म्हणून बरं. रात्री कूस बदलताना तो असा कण्हायचा की आवडीची झोप मोडायची.

"सुजंवर हाय म्हनाल्या बाई. तुमच्या गुडघ्याला काय कमी सूज हाय?" आणि तिने तो तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

चांगूने खाल्ला. का नाही खाणार? बेचाळीस वर्षांत आवडीने दिलेल्या अर्ध्याला त्याने कधी नाही म्हटलं होतं?

आणि काय सांगावं, गुडघे हलके झाले! चौथ्या दिवशी चांगू काठी विसरून देवळापर्यंत जाऊन आला. वाडीतला श्रीपत म्हणाला, "चांगूदा, यंदा पालखी खांद्यावर घ्या आता." चांगू छाती काढून हसला. फक्त तहान फार लागत होती, रात्री दोन-तीनदा उठावं लागत होतं. त्याला साखरेचा आजार होता, पण इतकं बरं वाटत असताना साखरेकडे बघतो कोण!

सात गोळ्या सात दिवसांत संपल्या. आवडी म्हणाली, "संपल्या म्हंजी बरी झाली." कागदावर चौदा दिवस लिहिले होते, पण कागद वाचायला सेजल लागायची आणि सेजल होती महाडला.

त्यानंतर पाचव्या दिवशी चांगूने पाहिलं, आवडीने पेजेची वाटी तोंडाला लावली आणि मान वाकडी केली. 

"दुखतंय?"

"नाय."

"खोटं बोलू नको गो."

तिने वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाईंनी आपल्याला खरं नाय सांगितलं. तुळजाबायला पण आधी असंच बरं वाटलं हुतं." आणि थोड्या वेळाने, "माझी नथ सेजलला द्या. राजेंद्रच्या बायकोला पाटल्या."

चांगूने आयुष्यात कधी भांडं फेकलं नव्हतं. त्या दिवशी तांब्या अंगणात गेला. "नथ बिथ काय नाय! उद्या महाडला जायचं!"

"मला नाय जायचं. ऐकवत नाय मला ते."

सकाळी तो एकटाच जाऊन एसटीच्या थांब्यावर बसला. पहिली गाडी गेली, तो बसलेला. दुसरी गेली, तो बसलेला. गुडघे परत ठणकायला लागले होते. तिसऱ्या गाडीच्या आधी आवडी पदर सावरत वरून येताना दिसली. शेजारी येऊन बसली.

महाडला सेजल कामावरून सुटून दवाखान्यात आली. डॉक्टरांनी गळा दाबला, मान हलवली आणि म्हणाल्या, "सूज परत आलीय. गोळी चालू आहे ना?"

"संपली," आवडी म्हणाली.

"संपली? कधी?"

"पाच-सहा रोज झालं."

डॉक्टरांनी कागद ओढला. बोटांवर मोजलं, परत मोजलं. "आजी, सात गोळ्या, रोज अर्धी. अजून पुरायला हव्या होत्या. बाकीच्या गेल्या कुठे?"

 उत्तर चांगूने दिलं, आणि अगदी साळसूदपणे दिलं. "अर्धी ही खायची, अर्धी मी."

सेजलने कपाळावर हात मारला.  डॉक्टरांनी चांगूचं बोट ओढून त्यावर सुई टोचली. यंत्राने आकडा दाखवला, तीनशे चाळीस.

"बाबा!" डॉक्टरांचा आवाज चढला. "ही गोळी साखर वाढवते! आणखी पंधरा दिवस खाल्ली असती तर तुम्हाला उचलून आणावं लागलं असतं. आणि आजींची गोळी अचानक थांबली म्हणून त्यांचं दुखणं उलटलं. दुसरं तिसरं काही नाही. मी पहिल्या दिवशी सांगितलं तेच खरं आहे. कॅन्सर नाही, आणि ह्या बऱ्या होणार आहेत. फक्त औषध पूर्ण मिळालं पाहिजे."

चांगूचा चेहरा उतरला. "म्हंजी हिचं औषध मी खाऊन बसलो?"

"तुमी नाय खाल्लं, मी दिलं," आवडी पटकन म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळली.  "बाई, हे रात्रभर कण्हतात. मी शेजारी पडून ऐकत असते. मी एकटीच कशी बरी होऊ? ह्यांच्या गुडघ्याला काय ते द्या, मंगच मी माझी गोळी घेईन."

डॉक्टर काही बोलणार तोच चांगू उठला. खुर्चीला धरून, गुडघे कुरकुरत, पण उठला. दवाखान्यात बाहेर माणसं बसली होती, दार उघडं होतं, पण त्याला आज कशाचीच पर्वा नव्हती.

"अगो येडे, गुडघं बरं करून मी चालत जाऊ कुणाकडं? तू नसलीस तर मला पाय तरी कशाला हवेत?"

 सेजल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आवडीने पदर तोंडाला लावला, आणि त्या पदराआड ती हसत होती की रडत होती ते तिचं तिला माहीत.

"डॉक्टरबायसमोर काय बोलता हे," ती शेवटी म्हणाली. "बसा आधी. पडाल." मग तिने डॉक्टरांपुढे हात पसरला. "द्या हो बाई गोळी. मला जगायचं हाय."