मावशीच्या पोटाखालचा टॉवेल

मी टॉवेल बोलतोय. तसं मला टॉवेल म्हणणारं आता कोणी उरलं नाही. कोणी फडकं म्हणतं, कोणी बोळा, आणि मालक तर नुसतं 'ते' म्हणतात. माझी तक्रार नाही. माझे धागे विरलेत, एक कोपरा फाटलाय आणि नावावरून वाद घालायचं त्राण अंगात राहिलेलं नाही.

गिरणीतून निघालो तेव्हा मी पांढराशुभ्र होतो, काठाला निळी पट्टी होती. एका हॉटेलने आम्हाला गठ्ठ्याने विकत घेतलं. रोज नवं अंग पुसायचं आणि रोज धुवून निघायचं, असं आयुष्य. माणसं एकटी असली की आरशासमोर पोट आत ओढून उभी राहतात, हे मी तिथे पाहिलं. पुढे माझा कोपरा फाटला. हॉटेलने मला बाद केलं आणि आमची धुलाई करणाऱ्या लॉन्ड्रीच्या मालकांनी मला घरी नेलं. खाली लॉन्ड्री, वर घर, मध्ये अरुंद जिना.

मालकांना मळका कपडा बघवत नाही. समोर बसलेल्या पाहुण्याच्या बाहीवर डाग दिसला की त्यांचं बोलण्यातलं लक्ष उडतं. मालकीणबाई सांगतात, लग्नाआधी बघायला आले तेव्हा यांनी माझा चेहरा नाही, पडद्यावरचा डाग पाहिला. त्यामुळे हॉटेल सुटलं तरी माझी धुलाई काही सुटली नाही. आधी केस पुसले, मग लादी पुसली, शेवटी मोरीपुढे पायपुसणं झालो. त्या काळात मी फार थकलो होतो.

तिथून मला मावशीने सोडवलं. मावशी म्हणजे घरातली म्हातारी मांजर. वाघाची मावशी, म्हणून सगळ्यांचीच मावशी. एका दुपारी मी खिडकीखाली वाळत पडलो होतो, ती आली, माझ्यावर दोनदा गोल फिरली आणि बसली ती बसलीच. मालकांचे हात शिवशिवायचे, पण ती नुसती मान वळवून बघायची आणि ते मुकाट्याने खाली जायचे. जन्मात पहिल्यांदा माझ्या अंगाला साबणाखेरीज दुसरा वास लागला. तो वास म्हणजे माझं घर झालं.

घरात एक कुत्राही आहे. त्याचं नाव हवालदार, कारण तो दारात बसून झोपतो. त्याला कानांनी कमी ऐकू येतं आणि त्याची त्याला खंत नाही.

सगळं असं सुस्तावलेलं चाललं असताना हॉटेलच्या मळक्या चादरींच्या गाठोड्यातून मांजरीचं एक पिल्लू निघालं. मालकीणबाई यंत्रात चादरी टाकत होत्या, त्यांच्या हाताला काहीतरी ऊन लागलं. क्षणभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे त्या दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होत्या. मूठभर जीव, डोळे चिकटलेले, आवाज मात्र खणखणीत. हवालदाराने त्याला हुंगलं, एकदा चाटलं आणि परत झोपला. त्याच्याकडून काम फत्ते.

प्रश्न मावशीचा होता. तिची मूत्रपिंडं थकलीत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, या वयात ती जेवायची थांबली तर तिला वाचवणं अवघड आहे. आणि मनाविरुद्ध काही झालं की मावशी पहिलं काय करते, तर ताटलीकडे पाठ फिरवते.

म्हणून पिल्लाला आतल्या खोलीत ठेवलं, दार बंद केलं आणि माझी नेमणूक झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोघांचा वास एका कापडात मुरू दे. रोज थोडा वेळ पिल्लाखाली, मग पुन्हा मावशीखाली. वासाची ओळख झाली की तोंडओळख सोपी जाते. आणि काही झालं तरी ते कापड धुऊ नका.

पहिल्या दिवशी मी पिल्लाच्या अंगाखालून परत आलो, तर मावशी माझ्यावर फिस्कारली. इतक्या वर्षांची सोबत, आणि माझ्यावरच. मला फार लागलं ते. त्या दिवशी तिने अर्धीच ताटली खाल्ली.

मालकांचं म्हणणं सरळ होतं, आधी आपली, मग दुसऱ्याची. पलीकडच्या गोदामाच्या रखवालदाराला उंदरांसाठी मांजर हवंच होतं. मालकीणबाई म्हणाल्या, तिथले उंदीरच याला खातील. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मी दोन खोल्यांमध्ये ये-जा करून दमलो होतो.

एका सकाळी मावशीने मला खूप वेळ हुंगलं. फिस्कारली नाही. एक पाय माझ्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. मालकीणबाईंचा आनंद मनात मावेना. त्या औषध आणायला बाहेर पडल्या आणि मावशीही उन्हात जाऊन बसली. तेवढ्यात मालक वर आले. त्यांनी आल्या आल्या उशांचे अभ्रे काढले, नॅपकिन काढला, आणि जमिनीवरून मलाही उचललं. डोळे कुठल्यातरी हिशेबात होते, उचललं ते हातांनी. यंत्राचं झाकण बंद झालं तेव्हा मला कळलं, आता मी कोणाचाच राहणार नाही.

मी स्वच्छ होऊन परत आलो. मावशीने हुंगलं आणि माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहिलं. ना पिल्लाचा वास, ना तिचा स्वतःचा. ती कपाटाखाली जाऊन बसली. त्या दिवशी ताटलीला शिवली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मालक जमिनीवर पालथे पडून चमच्याने कोंबडीचं पाणी पुढे करत होते, ती तोंड फिरवत होती. शेवटी त्यांनी रखवालदाराला निरोप धाडला, संध्याकाळी येऊन पिल्लू घेऊन जा.

मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही.

"अहो, ती पिल्लामुळे उपाशी नाहीये. तिचं अंथरूण तुम्ही धुतलंत."

मालकांनी माझ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हात माझं ऐकत नाहीत गं."

त्यांनी सदरा काढला, मग बनियन काढलं. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत राहून ते घामाने चिंब झालं होतं. एरवी त्यांनी ते चिमटीत धरून यंत्रात टाकलं असतं. ते त्यांनी माझ्यावर पसरलं, कपाटाशी ठेवलं आणि स्वतः बाजूला भिंतीला टेकून बसले. बऱ्याच वेळाने कपाटाखालून नाक आलं, मग मिशा, मग अख्खी मावशी. बनियनवर तोंड घासलं, अंग टाकलं. मालकांनी चमचा पुढे केला. तिने चाटला.

नंतर मालक स्वतः तेच बनियन घेऊन आतल्या खोलीत गेले. पिल्लू त्यात गुरफटून लगेच झोपलं. रखवालदार आला तेव्हा मालक जिन्यातच त्याला म्हणाले, "पिल्लू द्यायचं नाही. उंदरांचं तुम्ही दुसरं काहीतरी बघा."

पुढे कित्येक दिवस ते रोज तेच बनियन घालून काम करायचे आणि घरी आल्यावर ते दोघांना वाटून द्यायचे. लॉन्ड्रीवाल्याच्या अंगाला येणारा वास गिऱ्हाइकांनी कसा सहन केला, त्यांचं त्यांना माहीत. मालकीणबाई हसून हसून दमायच्या.

आता ते बनियन मला शिवून टाकलंय. माझ्या एका टोकाला मावशी असते, दुसऱ्या टोकाला पिल्लू. गळ्यात गळे वगैरे काही नाही. पिल्लाची शेपटी मधली शिवण ओलांडून आली की मावशी अजून फिस्कारते. पण जेवते.

ती दिवसेंदिवस हलकी होत चाललीय. अंगावर असली तरी कळत नाही. मला जुनेपण कळतं, तिचं किती उरलंय याचा अंदाज मला आहे. एक दिवस माझी खिडकीकडची बाजू रिकामी राहील. पिल्लू तिथे नाक खुपसून तिला शोधेल. आणि मालक, डोळे भरलेले असतील, काय करावं सुचत नसेल, तेव्हा त्यांचे हात सवयीने माझ्याकडे येतील.

तेव्हा कोणीतरी त्यांचे हात धरा. मला धुऊ देऊ नका.