मेंढरं किती?

डॉक्टर ऋषिराजच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर त्याच्या दवाखान्यात औषध नव्हतं. प्रांजल जतला येणार होती.

प्रांजल त्याच्याच वर्गातली, साताऱ्याच्या एका निवृत्त सुभेदारांची मुलगी. सांगलीला दोघांनी बरोबर एमबीबीएस केलं. तेव्हा तिचा हात इतका थरथरायचा की रुग्णाची शीर सापडता सापडायची नाही. तिचं मनगट धरून सुई घालायला शिकवलं ते ऋषिराजनं. पुढे तो एमडीच्या प्रवेश परीक्षेत पुन्हा पुन्हा आपटला आणि मुकाट गावी येऊन दवाखाना उघडून बसला. ती मात्र पुण्याला गेली आणि एमडी व पीएचडी दोन्ही एकदमच करायला लागली. रुग्णही तपासायचे आणि संशोधनही करायचं. एका डॉक्टरकीनं बाईसाहेबांचं भागलं नाही.

"ती डाक्टर झाली न्हवं? मग अजून काय शिकती?" ऋषिराजच्या आईनं एकदा विचारलं होतं.

"जमत नसंल," भाकरी मोडता मोडता ऋषिराज म्हणाला आणि त्या दिवशी त्याला भाकरी जरा जास्तच गोड लागली.

एवढ्यावर भागलं असतं. पण तिचा विषय कळला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मेंढ्याशेळ्यांपासून माणसांना होणारा ताप. संध्याकाळी चढायचा, घामानं भिजवून उतरायचा आणि महिने उलटले तरी हटायचा नाही. हा ताप तिला सांगितला कोणी? कँटीनमध्ये चहा पिता पिता ऋषिराजनंच. "आमच्याकडच्या धनगरांना हा ताप असतोच, कोणीतरी याच्या मुळाशी गेलं पाहिजे," असं तो म्हणाला होता. तो म्हणाला आणि विसरला. ती विसरली नाही. म्हणजे विहिरीची जागा दाखवायची आपण आणि पाणी दुसऱ्यानं शेंदायचं. आता मधली सगळी विहीर तिनं एकटीनं खणली होती हे खरं, पण जळणाऱ्या माणसाला एवढा न्याय कुठून सुचणार?

ती आली तीही हसत आली, हेही त्याला खुपलं.

"ऋषी, तुझ्याशिवाय हे काम होणार नाही बघ," खुर्चीत बसता बसता ती म्हणाली. "आठवडाभरात कळप चाऱ्यासाठी कर्नाटकात उतरणार म्हणतात. त्याआधी लोकांच्या रक्ताचे नमुने मिळाले नाहीत तर सर विषय बदलायला लावतील. एवढ्या वर्षांचं सगळं पाण्यात." तिनं प्रश्नांचा कागद त्याच्यापुढे सरकवला. "तू इथला. काही खटकलं तर आत्ताच सांग."

पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्याकडे मेंढरं किती?'

ऋषिराज थबकला. धनगराला मेंढरांचा आकडा विचारायचा नसतो. आकडा तोंडातून बाहेर पडला की कळपाला नजर लागते, लांडगा तरी पडतो नाहीतर रोग तरी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेल्या वर्षी जनावरांच्या मोजणीला आलेल्या एका माणसानं धुळा धनगराला हेच विचारलं, तेव्हा ऋषिराजनंच मध्ये पडून त्याला गप्प केलं होतं. त्यावर खूश होऊन धुळानं एक काळंभोर घोंगडं त्याच्या खांद्यावर घातलं होतं. ते घोंगडं आत्ता त्याच्याच खुर्चीच्या पाठीवर होतं.

"मस्त आहेत प्रश्न," ऋषिराज म्हणाला.

नंतर त्यानं स्वतःची समजूत काढली. आपण खोटं कुठं बोललो? प्रश्न मस्तच होते. आणि गप्प बसण्याला काही कोणी खोटं म्हणत नाही. शिवाय तिच्या हातून विषय सुटलाच, तर तो कोणाचा होईल हे कोणी सांगावं?

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला मोटारसायकलवरून धुळाच्या तळावर घेऊन गेला. गावाबाहेर, ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं बसली होती. धुळाची बायको राहीबाई हिनं बसायला टाकलं, चहा केला.

"ही प्रांजल. माझ्यासंगं शिकलेली हाय," ऋषिराजनं ओळख करून दिली. "तुमच्या तापाचं बघायला आलीय."

"तुमी आणली म्हंजी आमचीच," धुळा म्हणाला.

प्रांजलनं चहाचा कप खाली ठेवला, कागद मांडीवर घेतला आणि हसून विचारलं, "बाबा, मेंढरं किती आहेत तुमची?"

राहीबाईचा हात किटलीवर तसाच राहिला. धुळानं प्रांजलकडे पाहिलं नाही, ऋषिराजकडे पाहिलं. ऋषिराज बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

"दिस कलला," धुळा उठत म्हणाला. "जनावरं हलवायची हायत. रगतबिगत काय देत न्हाई आमी."

परत येताना प्रांजल रडकुंडीला आली होती. "माझं काय चुकलं रे?" तिनं विचारलं. "मनावर घेऊ नको, अडाणी माणसं," ऋषिराज म्हणाला आणि तिला लॉजवर सोडून घरी येताना चक्क शीळ घालत आला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता ती सामान बांधेल, पुण्याची एसटी धरेल, पुण्यात खाली मान घालून सरांसमोर उभी राहील. हे चित्र त्यानं पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणलं आणि दर वेळी त्यात तिची मान आणखी थोडी खाली घातली.

निरोप घ्यायला मात्र ती आली नाही. मग बाजाराचा दिवस उजाडला. एरवी त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्यांवर धनगरांच्या काठ्या आणि पटके मावायचे नाहीत. त्या दिवशी एकजणही फिरकला नाही. दुपारपर्यंत ऋषिराज माश्या मारत बसला. कळप आधीच हलले की काय, म्हणून त्यानं मोटारसायकल काढली.

तळ जागेवरच होता. आणि बाभळीच्या सावलीत प्रांजल बसली होती. तिच्यापुढे बाया-बापे बाह्या वर करून बसले होते आणि तिच्या डब्यात रक्ताच्या नळ्या भरत होत्या. आता हिचा हात थरथरत नव्हता. ऋषिराजला पहिलं दिसलं ते हेच.

"अरे, ये ये," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी परत आले आणि नुसती बसून राहिले. मेंढरांना पाणी पाजलं. शेवटी राहीबाईंनाच दया आली, त्यांनी सांगितलं की आकडा विचारायचा नसतो. आता मी विचारते, राखायला माणसं किती लागतात. तेवढ्यावर अंदाज येतो." मग तिनं मान वर केली. "तुझ्या लक्षात आलं नसेल ना? गडबडीत वाचलंस तू."

तिनं आयतंच कारण हातात दिलं होतं. ऋषिराजनं ते घेतलं.

"हां. साफ विसरलो बघ."

धुळा मागेच उभा होता. "डाक्टर, जरा हिकडं या," म्हणून तो त्याला बाजूला घेऊन गेला.

"गेल्या साली त्या मोजणीवाल्याला तुमीच हटकलं व्हतं," धुळा म्हणाला. "तवा इसरला न्हवता."

ऋषिराजनं मेंढरांकडे नजर वळवली.

"ती पोर परगावची. तिनं इचारलं ते न कळून. तुमी गप बसला ते कळून. का बसला, ते तुमचं तुमाला ठावं." धुळाचा आवाज जराही चढला नव्हता. "मी तिला बोललो न्हाई. तुमच्यावर लय जीव हाय तिचा. समद्यास्नी सांगती, ह्यो इषय मुळात ऋषीचा, त्यानंच मला दावला."

जे तिच्याकडून हिसकावून घ्यायला ऋषिराज निघाला होता, ते ती जिथं जाईल तिथं त्याच्याच नावावर सांगत होती. लाज वाटली. आणि लाजेबरोबर, काय सांगावं, तिच्या या मोठेपणाचाही त्याला हेवाच वाटला.

तेवढ्यात प्रांजलनं हाक मारली. "ऋषी, राहीबाईंची शीर सापडत नाहीये. दोनदा टोचलं. तू ये ना, तुझ्यासारखा हात कोणाचाच नाही."

ऋषिराज जवळजवळ धावतच गेला. निदान या एका गोष्टीत तो अजून तिच्या पुढे होता, आणि आता ते सगळ्यांना दिसणार होतं. तो राहीबाईसमोर उकिडवा बसला, सुई घेतली आणि हात पुढे केला.

राहीबाईनं आपला हात पदराखाली घेतला.

"तूच टोच बाई," ती प्रांजलला म्हणाली. "शंभरदा टोच."